मुलांच्या फुप्फुसांचा कॉन्ट्रास्टविना फंक्शनल एमआरआय : त्रास वाचतो, पण माहितीही कमी होते का?

नेकारकाठ:
नमस्कार. आमची मुलगी सहा वर्षांची आहे आणि तिला सिस्टिक फायब्रोसिस आहे, म्हणजे जनुकदोषामुळे फुप्फुसांत घट्ट कफ साठण्याचा जन्मजात आजार. जर्मनीत सप्टेंबर २०१६पासून नवजात बाळांच्या रक्तचाचणीत या आजाराचा समावेश झाला, त्यामुळे ती काही आठवड्यांची असतानाच निदान झाले आणि तेव्हापासून छातीचा एमआरआय दरवर्षी ठरलेला. ती लहान होती तोवर भूल देऊन, शिरेत सुई लावून, गॅडोलिनियमचे (म्हणजे चित्रात रक्त ठळक दिसावे म्हणून देतात त्या कॉन्ट्रास्टचे) इंजेक्शन देऊन हा तपास होत असे. या वर्षी डॉक्टर म्हणतात की भूल नको, सुई नको आणि श्वास रोखून धरणेही नको. मुलगी जागेपणी नेहमीसारखा श्वास घेत पडून राहिली, तरी फुप्फुसाच्या कोणत्या भागात हवा जाते आणि कोणत्या भागात रक्त पोहोचते याचे नकाशे मिळतील.

ऐकायला हे इतके चांगले वाटते की मला शंका येऊ लागली आहे. रक्तात काहीच सोडायचे नाही, तर रक्त दिसणार कसे? मुलीचा त्रास वाचवण्यासाठी आपण कमी प्रतीची तपासणी तर पत्करत नाही ना? शिवाय तिची स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून करायची श्वासाची चाचणी, अगदी व्यवस्थित येते. मग या नकाशांतून वेगळे काय हाती लागणार? साताऱ्याहून सासूबाई रोज विचारतात की आपल्याकडे दहा मिनिटांत सीटी स्कॅन होतो, तो का करत नाही. कुणाला अनुभव किंवा माहिती असल्यास कृपया सविस्तर लिहावे.

रानवारा:
वाचतो आहे. लेकीला शुभेच्छा.

क्षकिरण:
मी रेडिऑलॉजिस्ट आहे, नाशिकला असतो. थोडे मुळापासून सांगतो, म्हणजे पुढची चर्चा सोपी होईल.

एमआरआयला जो संकेत मिळतो तो मुख्यतः पाण्यातल्या हायड्रोजनच्या केंद्रकांकडून, म्हणजे प्रोटॉनांकडून. मेंदू, यकृत, स्नायू यांत पाणी भरपूर असते. फुप्फुस मात्र बहुतांशी हवेने भरलेले असल्यामुळे तिथली प्रोटॉनांची घनता इतर ऊतींच्या साधारण दहाव्या ते पाचव्या हिश्श्याइतकीच भरते. दुसरी अडचण अशी की हवा आणि ऊती यांच्या असंख्य सीमारेषांमुळे चुंबकीय क्षेत्र जागोजागी किंचित बदलते, आणि जो काही संकेत निर्माण होतो तो दीड टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचे माप) यंत्रात एक-दोन मिलिसेकंदांत विरून जातो. तिसरी अडचण सर्वांना ठाऊक आहे : हृदय आणि श्वासपटल एक क्षणही स्थिर नसतात. या तीन कारणांमुळे आमच्या पिढीला शिकवले गेले होते की फुप्फुस पाहायचे तर सीटीच. एमआरआयमध्ये छातीच्या मधोमध हृदय आणि दोन्ही बाजूंना काळोख.

कॉन्ट्रास्टविना तंत्राची गंमत अशी की त्याने तिसऱ्या अडचणीलाच साधन बनवले. हायडलबर्गच्या जर्मन कर्करोग संशोधन केंद्रातील ग्रेगोर्झ बाउमन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये फूरिए डिकॉम्पोझिशन नावाची पद्धत मांडली. तीत फुप्फुसाच्या एकाच उभ्या छेदाच्या सेकंदाला सुमारे तीन या वेगाने प्रतिमा घेतात, जवळजवळ मिनिटभर. श्वास आत घेतला की ऊती पसरतात, प्रत्येक बिंदूतील प्रोटॉन विरळ होतात आणि तो बिंदू किंचित काळवंडतो. श्वास सोडला की पुन्हा उजळतो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर ताजे रक्त त्या छेदात शिरते आणि त्यानेही संकेत हलकासा वरखाली होतो. भजनात मृदंग आणि टाळ एकाच वेळी वाजत असले तरी कानाला ते वेगळे कळतात, तसेच गणिताने श्वासाची संथ लय आणि हृदयाची जलद लय वेगळी काढता येते. पहिलीवरून हवेचा नकाशा बनतो, दुसरीवरून रक्ताचा.

तेव्हा नेकारकाठ, रक्तात काही सोडण्याची गरज पडत नाही, कारण रक्ताचे स्पंदन हीच इथे खूण आहे.

गणिती:
क्षकिरण यांनी छान मांडले आहे. त्यात एक टप्पा राहिला आणि माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे. लय वेगळी काढायची तर आधी प्रत्येक प्रतिमेतला तोच बिंदू तोच राहिला पाहिजे. श्वासपटल मुलांमध्येही प्रत्येक श्वासाला वरखाली सरकते, म्हणजे ज्या चौकोनात आत्ता फुप्फुस होते तिथे पुढच्या क्षणी यकृत येते. म्हणून संगणक आधी सगळ्या प्रतिमा ताणून-आवळून एकाच आकारावर बसवतो. ही जुळवणी श्वासपटलालगत किंवा मोठ्या रक्तवाहिन्यांच्या कडेला चुकली तर नकाशात खोटा दोष उमटतो. डॉक्टरांना विचारायचेच असेल तर हे विचारा की जुळवणी कुणी डोळ्यांनी तपासून पाहते का.

मुलांच्या बाबतीत दुसरा पेच वेगाचा आहे. सेकंदाला तीन प्रतिमा असतील तर जास्तीत जास्त दीड हर्ट्झची लय खरी पकडता येते, म्हणजे मिनिटाला ९० ठोके. सहा वर्षांच्या मुलीचे हृदय एमआरआयच्या खडखडाटात ११०पर्यंत गेले तर तिची लय चुकीच्या जागी, खोट्या संथ रूपात दिसू लागते. त्यात मूल मिनिटाला पंचवीस श्वास घेत असेल, तर श्वासाच्या लयीबरोबर उमटणारी तिच्या तिप्पट वेगाची उपलय सव्वा हर्ट्झवर, म्हणजे थेट ७५ ठोक्यांच्या लयीवर येऊन बसते. मुलांसाठी प्रतिमांचा वेग वाढवावा लागतो तो या कारणाने.

पुढच्या पद्धती याच अडचणींतून निघाल्या. बाउमन नंतर बाझेलला गेले आणि तिथे त्यांनी ओलिव्हर बिएरी यांच्यासह मॅट्रिक्स पेन्सिल नावाचे विघटन वापरले, जे थोड्या वेळाच्या आणि किंचित अनियमित नोंदीतूनही लय अधिक खात्रीने वेगळी करते. हॅनोव्हरच्या गटाने २०१८ मध्ये प्रेफुल ही पद्धत प्रसिद्ध केली. तीत सगळ्या प्रतिमा श्वासाच्या आणि ठोक्याच्या टप्प्यांनुसार लावून एक संपूर्ण श्वास आणि एक संपूर्ण ठोका पुन्हा रचतात. त्यामुळे एखादा भाग उशिरा भरतो का, हेही कळते. वुर्झबुर्गची सेन्सफुल ही आणखी एक. तुमच्या रुग्णालयात यांपैकी कोणती वापरतात हे विचारून घ्या, कारण एका पद्धतीचे आकडे दुसरीच्या आकड्यांशी ताडून पाहता येत नाहीत.

गावठीमिरची:
प्रफुल्ल नावाचा एखादा रेडिऑलॉजिस्ट आता हॅनोव्हरला गेलाच पाहिजे.

सरळरेषा:
माफ करा, पण मला या धाग्यात उत्साह जरा जास्त वाटतो. फुप्फुसाचे काम काय? प्राणवायू रक्तात पोहोचवणे आणि कर्बद्विप्रणील वायू बाहेर टाकणे. वर वर्णन केलेल्या पद्धतीत यांपैकी काहीच मोजले जात नाही. ऊती किती पसरली आणि रक्ताचा ठोका किती उमटला, एवढेच दिसते. पसरणे म्हणजे ताजी हवा येणे नव्हे, आणि ठोका उमटणे म्हणजे मिनिटाला किती मिलिलिटर रक्त वाहते याचे माप नव्हे.

खरे कार्य पाहायचे तर झेनॉन आहे. अतिध्रुवीकृत, म्हणजे एमआरआयमध्ये ठळक दिसावा म्हणून आधीच तयार केलेला, झेनॉन-१२९ वायू हुंगायला देतात. तो हवेसारखा फुप्फुसात पसरतो, पडद्यातून विरघळून रक्तातल्या तांबड्या पेशींपर्यंत जातो, आणि प्रत्येक ठिकाणी त्याची वारंवारता वेगळी असल्यामुळे हा प्रवास एमआरआयमध्ये मोजता येतो. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने डिसेंबर २०२२ मध्ये बारा वर्षांवरील रुग्णांत हवा कुठे पोहोचते हे पाहण्यासाठी त्याला मान्यताही दिली. मग अर्धवट तंत्राचे कौतुक कशासाठी?

क्षकिरण:
सरळरेषा, तुमचा आक्षेप तत्त्वतः मान्य आहे. कॉन्ट्रास्टविना नकाशे सापेक्ष असतात : हा भाग त्या भागापेक्षा कमी, इतकेच ते सांगतात. वायूंची देवाणघेवाण झेनॉनच दाखवतो. पण ती मान्यता अमेरिकेतली, आणि तेव्हा ती बारा वर्षांवरील रुग्णांपुरतीच होती; या धाग्यातली मुलगी जर्मनीत आहे आणि सहाच वर्षांची. झेनॉनसाठी ध्रुवीकरणाचे महागडे यंत्र लागते, प्रोटॉनऐवजी झेनॉनची वारंवारता ऐकणारी वेगळी कॉइल लागते, आणि मुलाला वायू आत घेऊन काही सेकंद श्वास रोखावा लागतो. असे यंत्र जगात मोजक्याच ठिकाणी आहे. उलट दीड टेस्लाचे साधे यंत्र आज जिल्ह्याच्या गावीही दिसते.

शिवाय शरीरक्रियाशास्त्र इथे आपल्या मदतीला येते. फुप्फुसाच्या एखाद्या भागात कफामुळे हवा पोहोचेनाशी झाली की तिथल्या लहान रक्तवाहिन्या आपोआप आकसतात आणि रक्त चांगल्या भागाकडे वळवले जाते. फॉन ऑयलर आणि लिल्येस्ट्रांड यांनी १९४६ मध्ये हे मांजरांवर दाखवले होते. म्हणून सिस्टिक फायब्रोसिसमध्ये रक्ताचा नकाशा एका परीने हवेच्या अडथळ्याचीच साक्ष देतो. लहान शाखांमधला कफ चित्रात थेट दिसण्याइतका मोठा नसला, तरी त्याच्या पुढचा भाग रक्ताच्या नकाशात पाचरीसारखा काळा उमटतो.

पिंपळपान:
मी निवृत्त शिक्षिका आहे, वैद्यकातले मला कळत नाही. सासूबाईंच्या बाजूने एक प्रश्न विचारते, कारण त्यांना उत्तर कुणी दिलेच नाही. सीटीमध्ये नेमके वाईट काय आहे? आमच्या नातवाला न्यूमोनिया झाला तेव्हा सीटी केला होता. आता मनात धाकधूक सुरू झाली.

क्षकिरण:
पिंपळपान ताई, नातवाच्या एका सीटीसाठी मुळीच घाबरू नका. गरज असताना केलेल्या एका सीटीचा फायदा धोक्यापेक्षा कितीतरी मोठा असतो, आणि फुप्फुसाची बारीक रचना आजही सीटीइतकी स्वच्छ दुसऱ्या कशात दिसत नाही.

प्रश्न पुनरावृत्तीचा आहे. युरोपातील नऊ देशांमधल्या, लहानपणी किंवा तरुणपणी सीटी झालेल्या जवळपास साडेनऊ लाख व्यक्तींचा एपी-सीटी हा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातला अंदाज असा की आज सीटी केलेल्या दर दहा हजार मुलांमागे पुढील बारा वर्षांत एखाद-दोघांना किरणोत्सर्गामुळे रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. धोका लहान आहे, पण ज्या मुलाला जन्मभर दर वर्ष-दोन वर्षांनी छाती तपासायची आहे त्याच्यासाठी तो साठत जातो. शिवाय साध्या सीटीत रचना दिसते. रक्त कुठे पोहोचत नाही हे दिसत नाही.

गॅडोलिनियमबद्दलही थोडे. मूत्रपिंडे निकामी असलेल्या रुग्णांत त्यामुळे त्वचा व ऊती घट्ट होण्याचा गंभीर विकार होतो, हे २००६ मध्ये लक्षात आले. २०१४ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले की वारंवार इंजेक्शन घेतलेल्यांच्या मेंदूत त्याचे अंश राहतात, आणि २०१७ मध्ये युरोपीय औषध संस्थेने रेषीय रचनेच्या बहुतेक संयुगांचा वापर थांबवला किंवा मर्यादित केला. आज वापरात असलेली वलयाकार संयुगे बरीच स्थिर आहेत, आणि मेंदूतल्या अंशांमुळे अपाय झाल्याचे सिद्ध झालेले नाही. तरीही दरवर्षी देण्याची वेळ आली तर न देता भागते का, हे पाहणे शहाणपणाचे.

पिंपळपान:
धन्यवाद. शिक्षिकेला समजेल असे लिहिलेत.

बर्नकर:
आमच्या मुलाला प्रायमरी सिलियरी डिस्किनेशिया आहे, म्हणजे श्वासमार्गातील सूक्ष्म केस कफ बाहेर ढकलत नाहीत. त्याचा असा एमआरआय इथे स्वित्झर्लंडमध्ये झाला आहे, म्हणून प्रत्यक्षात काय होते ते लिहिते.

आधी धातूची यादी : पँटची झिप, केसांतली क्लिप, खिशात विसरलेले नाणे. मग पाठीवर निजवतात, छातीवर हलकी कॉइल ठेवून पट्ट्यांनी बांधतात आणि कानांवर हेडफोन लावतात. हातात एक रबरी फुगा देतात; घाबरल्यास तो दाबायचा. आमच्या चिरंजिवांनी तो पहिल्याच मिनिटाला दाबला आणि विचारले की गोष्टीतला आवाज वाढवता येईल का. एका छेदाला मिनिटाच्या आत-बाहेर वेळ लागतो, मग तंत्रज्ञाचा आवाज येतो, मग पुढचा छेद. खोकला आला तर तेवढा छेद पुन्हा घेतात. बाहेरच्या पडद्यावर फुप्फुस आत-बाहेर होताना मी पाहत होते. शेवटी तो झोपी गेला, आणि तंत्रज्ञ म्हणाल्या की हेच छेद सर्वांत उत्तम आले, कारण श्वास एकसारखा झाला होता.

त्याच दिवशी नायट्रोजन वॉशआउटही केला. त्यात शुद्ध प्राणवायू देत राहतात आणि फुप्फुसातला नायट्रोजन बाहेर पडायला किती श्वसन लागते ते मोजतात. त्यावरून येणारा आकडा, म्हणजे लंग क्लिअरन्स इंडेक्स, स्पायरोमेट्रीपेक्षा लवकर बिघडतो. पण तो अख्ख्या छातीचा एकच आकडा असतो. एमआरआयने दाखवले की बिघाड मुख्यतः मधल्या खंडात आणि खालच्या एका भागात आहे.

आता गमतीचा भाग. या आजाराच्या जवळपास निम्म्या मुलांप्रमाणे आमच्या मुलाचे अवयव आरशातल्यासारखे उलट बाजूंना आहेत. रक्ताचा नकाशा पडद्यावर आला तेव्हा शिकाऊ डॉक्टरने शांतपणे चित्र उलटे करून घेतले. वरिष्ठ बाईंनी तितक्याच शांतपणे ते पुन्हा सुलटे केले.

गावठीमिरची:
माझे हृदय डावीकडे आहे, तरी लग्नाला वीस वर्षे होऊनही सौभाग्यवतीला ते सापडलेले नाही. कोणता छेद घ्यावा?

रानवारा:
मिरची, आधी फुगा दाबा.

नेकारकाठ:
बर्नकर, मनापासून आभार. नायट्रोजनची चाचणी आमच्याकडेही होते; तिचा आणि एमआरआयचा हा संबंध मला कुणी असा समजावून दिला नव्हता. एक विचारते : एखादा भाग काळा आहे हे कळल्यावर उपचारांत काही बदलले का?

बर्नकर:
हो. फिजिओथेरपिस्टने मधला खंड मोकळा व्हावा म्हणून झोपण्याची स्थिती बदलली आणि त्या बाजूच्या व्यायामांवर भर दिला. औषधे तीच राहिली. याहून मोठा दावा मी करणार नाही.

सरळरेषा:
बर्नकर यांचा प्रामाणिकपणा आवडला. क्षकिरण यांचा वयाचा मुद्दाही मी मान्य करतो. तरी माझी मूळ शंका एका उदाहरणाने मांडतो, कारण ते उदाहरण या तंत्राच्या बाजूने नेहमी दिले जाते.

एर्लांगेनमध्ये ०.५५ टेस्लाच्या कमी क्षमतेच्या चुंबकावर कोविड होऊन गेलेल्या मुलांचा असाच कॉन्ट्रास्टविना अभ्यास झाला आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. बरी झालेली २९ मुले, लाँग कोविडची २५ आणि तुलनेसाठी ९ निरोगी मुले. हवा आणि रक्त दोन्ही नीट पोहोचणारा फुप्फुसाचा भाग निरोगी मुलांत सरासरी ८१ टक्के, बऱ्या झालेल्यांत ६२ आणि लाँग कोविडच्या मुलांत ६० टक्के निघाला. बातम्या झाल्या की साध्या प्रतिमांत न दिसणारा बिघाड नव्या तंत्राने पकडला. पण आकडे नीट पाहा. खेळायला-धावायला लागलेली मुले आणि अजूनही दमणारी मुले यांच्यात फरक जवळपास नाहीच. मग ६२ टक्के हा आकडा हातात घेऊन आई-बापाने करायचे काय? मूल तर बरे आहे! जे चित्र लक्षणांशी जुळत नाही ते काळजी वाढवते, याला तपासणी कसे म्हणायचे?

गणिती:
हा या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रतिसाद आहे असे मला वाटते. त्याला दोन गोष्टी जोडतो. नऊ निरोगी मुले म्हणजे तुलनेचा पाया फारच अरुंद. मुलांत वयानुसार ‘नॉर्मल’ काय याचे मोठे तक्ते अजून बनायचे आहेत. स्पायरोमेट्रीसाठी जगभरातल्या हजारो निरोगी व्यक्तींवरून समीकरणे बसवलेली आहेत, इथे तसे काही नाही. आणि ‘नीट पोहोचते’ व ‘पोहोचत नाही’ यांमधली सीमारेषा कुठेतरी आखावी लागते. ती जरा सरकवली की टक्केवारी सरकते.

मात्र यातून मी तुमच्यापेक्षा वेगळा निष्कर्ष काढतो. लोकांच्या गटाशी तुलना करताना हे तंत्र आज कमकुवत आहे. त्याच मुलाची त्याच यंत्रावर, त्याच पद्धतीने गेल्या वर्षीच्या नकाशाशी तुलना करताना ते बरेच भक्कम आहे, कारण सीमारेषा कुठेही आखली तरी दोन्ही वेळा तीच राहते.

आणखी एक, कमी क्षमतेचे चुंबक म्हणून नाक मुरडू नये. फुप्फुसाच्या बाबतीत चुंबक जितका कमी ताकदीचा तितका हवा-ऊती सीमारेषांचा त्रास कमी आणि संकेत जास्त वेळ टिकतो. तीन टेस्लाच्या यंत्रात तो मिलिसेकंदाच्या आतच जातो.

ओहायोवासी:
मी सिनसिनाटीत नवजात अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. इथल्या मुलांच्या रुग्णालयात हातापायांच्या तपासणीसाठी बनवलेले दीड टेस्लाचे लहान यंत्र बदल करून थेट नवजात विभागातच बसवले गेले. अपुऱ्या दिवसांच्या, फुप्फुसे कच्ची राहिलेल्या बाळांना दूध पाजून, दुपट्यात गुंडाळून, झोपेतच त्यात ठेवतात. भूल लागत नाही.

या बाळांचे श्वास मिनिटाला चाळीस-साठ आणि हृदयाचे ठोके १२० ते १६० असतात, त्यामुळे गणिती यांनी सांगितलेला वेगाचा पेच इथे फारच कठीण होतो. म्हणून अशा बाळांत बहुधा अल्ट्राशॉर्ट एको टाइम नावाचा प्रतिमा घेण्याचा क्रम वापरतात, जो संकेत विरण्याआधीच तो टिपतो. त्यात बाळ हलले की तेवढा भाग वगळता येतो, आणि श्वास घेताना व सोडताना अशा वेगवेगळ्या प्रतिमाही रचता येतात. त्यावरून कोणता भाग फुगून अडकला आहे ते कळते. मोठ्या मुलांचे तंत्र जसेच्या तसे तान्ह्यांना लावता येत नाही, हे इतर पालकांनी लक्षात ठेवावे.

डोंगरवाट:
भारतात याची सोय कुठे आहे? पुण्यात एका मोठ्या ठिकाणी विचारले तर काउंटरवर सांगितले की ‘फंक्शनल एमआरआय म्हणजे मेंदूचा, छातीचा नसतो’.

क्षकिरण:
काउंटरवरच्या माणसाला दोष देऊ नका, बऱ्याच डॉक्टरांचाही तोच समज आहे. मुलांच्या छातीच्या जलद एमआरआयवर चंडीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेतून चांगले काम प्रसिद्ध झाले आहे. ते मुख्यतः रचनेवर आहे : न्यूमोनिया, गाठी, फुप्फुसाभोवतीचे पाणी हे सीटीऐवजी एमआरआयमध्ये कितपत दिसते यावर. बालक्षयरोगाच्या आपल्या देशात तेही थोडे नाही.

कार्याच्या नकाशांसाठी लागणारा मूळ क्रम आपल्याकडच्या बहुतेक दीड टेस्ला यंत्रांत आधीच असतो. हृदयाच्या तपासणीसाठी आम्ही तो रोज वापरतो. पुढची जुळवणी आणि विघटन करणारी प्रणाली मात्र संशोधन करार करणाऱ्या केंद्रांकडेच असते, आणि निघालेला नकाशा वाचायला शिकलेला माणूस लागतो. एक साधे उदाहरण देतो. मूल उताणे झोपलेले असते, त्यामुळे गुरुत्वाकर्षणाने पाठीकडच्या भागात रक्त जास्त जाते आणि पुढच्या छेदांपेक्षा मागचे छेद उजळ दिसतात. हे माहीत नसलेला माणूस छातीच्या पुढच्या भागात आजार आहे असा अहवाल देऊन मोकळा होईल. म्हणून डोंगरवाट, निव्वळ उत्सुकतेपोटी ही तपासणी करून घेण्यासाठी धावपळ करू नका.

नेकारकाठ:
सर्वांचे प्रतिसाद छापून घेऊन आम्ही दोघे डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी वेळ दिला, आणि जे कळले ते इथे मांडते.

त्यांच्या केंद्रातून २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शाळेत जाण्याआधीच्या वयाच्या मुलांतही रक्तपुरवठ्यातले दोष दिसले होते, आणि छातीचा संसर्ग वाढल्यावर प्रतिजैविके दिली तेव्हा ते दोष कमी झालेले दिसले होते. म्हणजे सरळरेषा यांना हवा असलेला उपचार आणि चित्र यांचा संबंध काही प्रमाणात दाखवला गेला आहे. पण त्या अभ्यासात कॉन्ट्रास्ट वापरला होता, हे डॉक्टरांनी स्वतःहून सांगितले. कॉन्ट्रास्टविना नकाशांची कॉन्ट्रास्टच्या नकाशांशी तुलनाही सिस्टिक फायब्रोसिसच्या लहान रुग्णांत झाली आहे आणि दोन्हींचा मेळ चांगला बसला. फक्त अगदी लहान दोष कॉन्ट्रास्टमध्ये अधिक ठळक दिसतात, कारण तिथे छेद पातळ घेता येतात आणि इथे ते एक सेंटिमीटरहून जाड असतात.

आमच्या मुलीच्या दोन जनुकदोषांपैकी एक एफ५०८डेल आहे. तीन औषधांचे जे नवे मिश्रण युरोपात जानेवारी २०२२पासून सहा वर्षांच्या मुलांना मिळू लागले, ते तिला आता सुरू होणार आहे. स्पायरोमेट्री आधीच चांगली असल्यामुळे औषधाचा परिणाम त्या आकड्यात दिसणार नाही. तो दिसलाच तर वॉशआउटमध्ये आणि या नकाशांत दिसेल. म्हणून डॉक्टरांचा प्रस्ताव असा आहे की या वर्षी, औषध सुरू करण्यापूर्वी, शेवटचा म्हणून कॉन्ट्रास्टसह आणि त्याच बैठकीत कॉन्ट्रास्टविना, अशा दोन्ही प्रकारे तपासून ठेवायचे. पुढच्या वर्षांपासून सुईशिवाय, आणि शंका आली तरच पुन्हा कॉन्ट्रास्ट. आम्ही हो म्हटले आहे.

सरळरेषा:
ही योजना मला पटली. आधीचा नकाशा, मग औषध, मग त्याच पद्धतीने पुन्हा नकाशा. मी भांडत होतो ते एकट्या-दुकट्या चित्रावरून निष्कर्ष काढण्याशी. वॉशआउटचा आकडा आणि नकाशा यांनी परस्परविरोधी उत्तरे दिली तर कुणाचे ऐकायचे, हे मात्र त्यांच्याकडून आधीच ठरवून घ्या. नंतर प्रत्येक जण आपल्या आवडीचा आकडा उचलतो.

नेकारकाठ:
हे विचारायचे राहिले होते, पुढच्या भेटीत विचारते. सासूबाईंना सीटीचे क्षकिरण यांनी लिहिलेले वाचून दाखवले. त्यांचा पुढचा प्रश्न होता की मग हे यंत्र साताऱ्यात कधी येणार.

बर्नकर:
एक व्यावहारिक सूचना. सकाळची वाफ आणि फिजिओथेरपी स्कॅनच्या आधी करणार की नंतर, हे तंत्रज्ञांना विचारून लिहून ठेवा आणि दरवर्षी तसेच करा. कफ हलला की हवेचा नकाशा बदलतो. एका वर्षी आधी आणि दुसऱ्या वर्षी नंतर केले, तर औषधाचा परिणाम कोणता आणि वाफेचा कोणता हे कुणालाच सांगता येणार नाही. आणि गोष्टीची फाइल घरून घेऊन जा. तिथल्या सगळ्या जर्मनमध्ये असतात, झोप लवकर येत नाही.

नेकारकाठ:
लिहून घेतले. इसापनीती मराठीत आहे, तीच नेते.